आधी मोजणी, मग पाया

4 डिसेंबर 1755 रोजी लिस्बनमध्ये एक टिपण तयार झाले. शहर कोसळून तेव्हा जेमतेम महिना उलटला होता. राजा तंबूत राहत होता, ढिगारे अजून उपसायचे होते, आणि अधूनमधून जमीन पुन्हा हादरत होती. टिपण लिहिणारे मानुएल दा माइया हे पोर्तुगालच्या राज्याचे मुख्य अभियंता. वय अठ्ठ्याहत्तर. या गृहस्थांनी टिपणात शोक केला नाही, देवाचा कोप शोधला नाही आणि नव्या भव्य राजधानीचे चित्रही रंगवले नाही. त्यांनी पाच पर्याय मांडले. पहिला, शहर होते तसेच पुन्हा उभारावे. दुसरा, तेच शहर, पण रस्ते रुंद करून. तिसरा, रस्ते रुंद करायचे आणि घरांची उंचीही कमी करायची. चौथा, नदीकाठचा सखल भाग पूर्ण पाडून, त्याच राडारोड्याने जमीन उंच करून तिथे नव्या आखणीचे शहर वसवायचे. पाचवा, जुन्या जागेचा नाद सोडून पश्चिमेला बेलेंच्या बाजूला नवे शहर बांधायचे. प्रत्येक पर्यायासोबत त्यातले फायदे आणि अडचणीही होत्या. 1756 च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये या टिपणाचे आणखी दोन भाग आले. बांधकामाचे नियम, सांडपाण्याची सोय, भरतीच्या वेळी गटारे उलटी वाहू नयेत म्हणून जमिनीला द्यायचा उतार, आगीपासून बचाव, असे सगळे तपशील त्यांत येतात. लिस्बनच्या पुनर्बांधणीची कहाणी बहुधा एका पोलादी पुरुषाची कहाणी म्हणून सांगितली जाते. तिचे खरे मर्म या कंटाळवाण्या टिपणात आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी घडले काय, ते थोडक्यात. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्च भरलेली, वेदीवर मेणबत्त्या पेटलेल्या, घरोघरी चुली धगधगत असलेल्या. भूकंपाचे केंद्र अटलांटिक महासागराच्या तळाशी होते. तीव्रतेचे आजचे अंदाज साडेआठ ते नऊच्या दरम्यानचे आहेत. हादरे काही मिनिटे टिकले. लोक पडझडीपासून वाचण्यासाठी तेजो नदीच्या मोकळ्या काठावर धावले, तर थोड्या वेळाने तिथे समुद्राच्या लाटा चढून आल्या. त्यातून सुटलेल्या शहराला आगीने गाठले आणि ती आग पाच-सहा दिवस धुमसत राहिली. नदीकाठचा राजवाडा, त्यातले सत्तर हजार ग्रंथांचे राजग्रंथालय, जेमतेम सात महिन्यांपूर्वी उघडलेले ऑपेरागृह, मोठे इस्पितळ, आणि गोव्याहून येणाऱ्या मालाचा हिशेब ठेवणारे ‘कासा दा इंदिया’ हे कार्यालय, सारे गेले. मृतांचे आकडे दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत सांगितले जातात. शहराची वस्ती दोन लाखांच्या आसपास होती. म्हणजे अगदी कमीत कमी आकडा धरला तरी वीस माणसांमागे एक माणूस गेला.

या राखेतून सेबास्तियांव जुझे द कार्व्हाल्यो इ मेलो हा मंत्री वर आला. पुढे तो पोंबालचा मार्क्विस झाला आणि जगाला त्याच नावाने ठाऊक आहे. भांबावलेल्या राजाने ‘आता काय करायचे?’ असे विचारले, तेव्हा ‘मेलेल्यांना पुरा आणि जित्यांना जेवू घाला’ असे पोंबालने ताडकन उत्तर दिले, ही आख्यायिका शाळकरी पुस्तकांपर्यंत पोचली आहे. काही जण हे वाक्य पोंबालचे नसून आलोर्नाच्या मार्क्विसचे असल्याचे सांगतात. हा आलोर्ना म्हणजे पेडणे तालुक्यातले आपले हळर्ण. गोव्याचा व्हाइसरॉय असताना दों पेद्रो मिगेल द आल्मेइदा याने 1746 मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून हळर्णचा किल्ला घेतला आणि त्याच नावाची पदवी मिरवत तो लिस्बनला परतला. वाक्य कोणाचे, हा वाद सुटण्यासारखा नाही, आणि सुटला तरी त्यातून फारसे काही हाती लागणार नाही. संकटात तडफदार वाक्ये पुष्कळांना सुचतात. त्या वाक्यानंतरच्या अडीच वर्षांत कागदावर काय काय उतरले, ते पाहिले पाहिजे.

सुरुवातीची कामे धडाक्याची होती, यात शंका नाही. साथ पसरू नये म्हणून धर्मगुरूंच्या परवानगीने प्रेते पडावांत भरून समुद्रात सोडली. लुटारूंना जरब बसावी म्हणून उंच जागी फाशीचे खांब रोवले आणि त्यांवर माणसे लटकवलीही. धडधाकट माणसांनी शहर सोडून जाऊ नये म्हणून वाटांवर सैन्य उभे केले. धान्याचे भाव बांधून दिले. असे कोणतेही खंबीर सरकार करते, थोडे सौम्यपणे किंवा थोडे क्रूरपणे. लिस्बनचे वेगळेपण दिसते ते नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरात निघालेल्या हुकमांत. एका हुकमाने भागाभागांसाठी अधिकारी नेमून प्रत्येक चौक, गल्ली, घर आणि सार्वजनिक इमारत मोजून तिची नोंद करायला सांगितले. कोणाच्या घराची रुंदी किती, खोली किती, मालक कोण, शेजारी कोण. दुसऱ्या हुकमाने घरभाडी भूकंपापूर्वीच्या दरावर गोठवली आणि शहराच्या हद्दीबाहेर मनमानी बांधकामाला बंदी केली. त्यानंतर, मोजणी पुरी होऊन आराखडा ठरेपर्यंत पडलेल्या भागात कोणी काही उभारायचेच नाही, असा आदेश झाला. थंडीच्या तोंडावर, हजारो कुटुंबे पालांखाली असताना, ‘बांधू नका’ असे सांगणे ही गोष्ट सोपी नव्हती. बहुतेक उद्ध्वस्त शहरांत याच्या नेमके उलट होते. लोक आपल्याच जोत्यावर आपलेच दगड रचून मोकळे होतात आणि वर्षभरात जुने, अरुंद, धोकादायक शहर जसेच्या तसे परत येते. माइयांचा पहिला पर्याय हा असा आपोआप घडणारा पर्याय होता. तो टाळायचा तर इतर काही करण्याआधी वेळ विकत घ्यावा लागत होता. मोजणी आणि बंदी या दोन हुकमांनी तो घेतला.

याच काळात राज्यातल्या सगळ्या पॅरिशना तेरा प्रश्नांची यादी गेली. भूकंप किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला, धक्का कोणत्या दिशेने जास्त जाणवला, किती घरे पडली, किती माणसे मेली, समुद्र आधी मागे हटला की पुढे आला, किती हात चढला, झऱ्यांच्या पाण्यात काही फरक पडला का, आग लागली का, आता धान्याची स्थिती काय. उत्तरे गावोगावच्या पाद्र्यांनी लिहिली. त्यातली पुष्कळशी राष्ट्रीय दप्तरखान्यात आजही आहेत आणि भूकंपशास्त्रज्ञ तीव्रतेचा नकाशा काढताना त्यांचा आधार घेतात. हा दप्तरखाना मुळात वाचला, त्यातही माइया होतेच. ते त्याचे प्रमुखही होते, आणि पडलेल्या बुरुजाखालून जुनी कागदपत्रे बाहेर काढून ती लाकडी शेडमध्ये हलवण्याचे काम या वृद्धाने अंगावर घेतले होते. ज्याला जुन्या सनदा आणि खाती यांची किंमत ठाऊक होती, त्यानेच नव्या शहराची सुरुवात मालकीच्या नोंदींपासून करावी, हे सुसंगतच म्हणायचे.

निवड अखेर चौथ्या पर्यायाची झाली. बेलेंला नवे शहर वसवणे अभियंत्याच्या दृष्टीने सर्वांत मोकळे काम होते. तिथे पाडायचे काही नव्हते आणि जमिनीनेही तग धरला होता. पण जुन्या जागेत गोदी होती, जकात होती, व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या, आणि राडारोड्याखाली शेकडो मालकांचे हक्क गाडलेले होते. ते तिथेच ठेवून शहर दुसरीकडे नेले असते तर थोड्या वर्षांत दोन शहरे झाली असती. मग सहा आराखडे तयार झाले आणि त्यातून एउजेनियो दोस सांतोस यांचा स्वीकारला गेला. त्यांच्या जोडीला हंगेरीत जन्मलेले कार्लोस मार्देल होते. रोसियोचा चौक आणि नदीकाठचा राजचौक यांच्यामध्ये सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते, मुख्य रस्ते साठ फुटी, त्यांच्याखाली गटारे. मे 1758 मध्ये मालमत्तेच्या फेरवाटणीचा कायदा आला आणि जूनमध्ये आराखडा लागू झाला. ज्याची जागा रस्त्यात गेली त्याला नव्या आखणीत मोजून तेवढी जागा किंवा भरपाई. भूखंड मिळाला की पाच वर्षांत ठरलेल्या नमुन्याप्रमाणे बांधायचे. ज्याला झेपत नाही त्याची जागा, किंमत चुकती करून, झेपेल त्याच्याकडे जाणार. यात गरीब मालकाचे नुकसान होते, हे उघड आहे. भाडेकरूचे तर विचारायलाच नको. तरीही एक फरक मोलाचा वाटतो. नुकसान झाले ते लिहिलेल्या नियमाने झाले, आणि त्या नियमाआधी प्रत्येकाचे मूळ माप दप्तरात चढलेले होते. भूकंप 1755 चा आणि रस्त्यांची प्रत्यक्ष आखणी 1758 ची. मधली अडीच वर्षे वाया गेलेली नव्हती. शहराची खरी बांधणी त्याच अडीच वर्षांत झाली.

आता घर कसे बांधले ते जरा जवळून पाहू. बाइशा, म्हणजे हा सखल भाग, दोन बुजलेल्या ओढ्यांच्या गाळावर आणि राडारोड्याच्या भरावावर उभा आहे. म्हणून आधी चिखलात पाइनचे खुंट ठोकले, त्यावर लाकडांची जाळी, त्यावर दगडी पाया. खुंट सतत पाण्यात राहिले तर कुजत नाहीत, हे त्या कारागिरांना ठाऊक होते. तळमजला दगडी कमानींचा, ओल आणि आग वर चढू नये म्हणून. पहिल्या मजल्यापासून मात्र भिंतीच्या पोटात लाकडी सांगाडा सुरू होतो. त्याला पोर्तुगीजमध्ये पिंजरा म्हणतात. उभे खांब, आडव्या पट्ट्या आणि प्रत्येक चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेलेल्या दोन तिरप्या फळ्यांची फुली. लाकडात लाकूड खाचून सांधे, चौकटींच्या पोकळीत विटा-दगडाचे तुकडे आणि चुना, वरून गिलावा. पेशवाईतल्या वाड्यात खांब-तुळयांवर माडी उभी राहते आणि भिंत नुसती भरणीची असते, त्यातलाच हा विचार. फक्त फुली इथे अधिक आहे, आणि भूकंपात महत्त्वाची तीच. जमीन आडवी हलली की चौकोन तिरका होऊ पाहतो. फुलीतली एक फळी ताणली जाते, दुसरी दाबली जाते, सांध्यांत घर्षण होते आणि हादऱ्याचा जोर तिथेच जिरतो. बाहेरची दगडी भिंत ढासळली तरी आतला पिंजरा मजले आणि माणसे तोलून धरील, अशी अपेक्षा. घराघरांमध्ये छपराच्याही वर जाणाऱ्या आगरोधक भिंती. शिवाय खिडक्या-दारांच्या दगडी चौकटी, लोखंडी काम, फरशा हे सगळे ठरावीक मापाचे. त्यामुळे ते एकीकडे तयार करून दुसरीकडे बसवता येई. ही युक्ती कोणा एकाची नव्हे. लाकडी सांगाडे लिस्बनच्या जुन्या घरांतही सापडतात, आणि जहाजे बांधणाऱ्या शहरात सुतारांची वाण नव्हती. नवे होते ते एवढेच, की ती गोष्ट ऐच्छिक राहिली नाही. मॉडेलभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून पिंजऱ्याची परीक्षा घेतली, असे नेहमी सांगतात. गोष्ट छान आहे, पण तिचा समकालीन पुरावा भक्कम नाही. तिच्यावाचून काही अडतही नाही.

इथे एक शंका रास्त आहे. हा पिंजरा खरोखर उपयोगी पडला, हे कशावरून? प्रामाणिक उत्तर असे, की 1755 सारखा भूकंप बाइशाने पुन्हा पाहिलेलाच नाही. 28 फेब्रुवारी 1969 चा मोठा धक्का दूर समुद्रात झाला आणि शहर त्यातून थोडक्यात सुटले. त्यावरून छातीठोक काही म्हणता येत नाही. पुरावा आहे तो प्रयोगशाळेतला. पाडायच्या इमारतींतून काढलेल्या जुन्या फुलीदार भिंती लिस्बनच्या अभियंत्यांनी पुढे-मागे ओढून पाहिल्या, तेव्हा त्या चटकन तुटल्या नाहीत, बऱ्याच वाकूनही भार पेलत राहिल्या. मात्र या भिंती मूळ रूपात असतील तरच हे खरे. नंतरच्या दोन शतकांत मालकांनी वर मजले चढवले. दुकानाची दर्शनी जागा मोठी व्हावी म्हणून खालचे खांब आणि भिंती काढल्या. नळ टाकण्यासाठी फुल्या कापल्या. भूजल खाली गेले तिथे खुंटांची डोकी कोरडी पडू लागली. एकेका मालकाने केलेला बदल किरकोळच असतो. पण बाइशातली घरे एकमेकांना खेटून, पूर्ण रांगेने हादरा सोसतील अशा हिशेबाने बांधलेली आहेत. मधले एक दुबळे झाले की शेजाऱ्याचा हिशेबही चुकतो. आखणी करणाऱ्यांनी नियम रांगेसाठी केले होते. मोडणाऱ्यांनी ते घरापुरते पाहिले.

याहून मोठी हरकत अशी, की हे सगळे हुकूमशहामुळेच शक्य झाले. लोकांना विचारत बसला असता तर पोंबालला एक रस्ताही सरळ करता आला नसता. पुरावा म्हणून लंडनचे नाव हमखास पुढे येते. 1666 च्या आगीत तिथली तेरा हजार घरे जळाली. क्रिस्तोफर रेनने देखणा आराखडा काढला. पण मालकांपुढे कोणाचे चालले नाही आणि लंडन जुन्याच गल्ल्यांवर उभे राहिले. माइयांच्या टिपणातही लंडनचा दाखला आहे, तुरीनचाही. पण लंडनची गोष्ट अर्धीच सांगतात. 1667 च्या पुनर्बांधणी कायद्याने तिथे विटांची भिंत सक्तीची झाली, रस्त्याच्या दर्जाप्रमाणे घराची उंची ठरली, काही रस्ते रुंद झाले, आणि घरमालक-भाडेकरूंचे तंटे मिटवायला खास न्यायालय बसले. संसद असलेल्या त्या शहरात बरीचशी घरे सहा-सात वर्षांत उभी राहिली. उलट लिस्बनमध्ये 1777 साली राजा जुझे वारला आणि पोंबालची सत्ता गेली, तेव्हा बाइशा अपुरीच होती. 1775 च्या जूनमध्ये राजाचा अश्वारूढ पुतळा मोठ्या थाटात उघडला, त्या वेळी चौकाची न झालेली बाजू लाकूड आणि कापडाचे देखावे लावून झाकावी लागली होती. चौकातली कमान तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरी झाली. सत्तेने काम झपाट्याने होते, या समजुतीला ही उदाहरणे आधार देत नाहीत. दोन्ही शहरांत समान काय होते ते पाहिले तर नियम आधी ठरणे, तंट्यांची सोय असणे आणि पैशाची तजवीज, एवढेच उरते. पोंबाल स्वतः चार-पाच वर्षे लंडनमध्ये पोर्तुगालचा वकील होता, हेही विसरता कामा नये.

पैसा मात्र लंडनहून वेगळ्या वाटेने आला. व्यापाऱ्यांनी आयात मालावर चार टक्के ‘स्वेच्छा देणगी’ कबूल केली, ब्रिटिश संसदेने एक लाख पौंडांची मदत रोख आणि जिन्नस स्वरूपात पाठवली, हॅम्बर्गने लाकूड पाठवले. पण मुख्य भार ब्राझीलवर पडला. बाहियासारख्या प्रांतांवर वर्षानुवर्षे वर्गणी बसली, आणि तिथले सोने खाणींतून काढत होते आफ्रिकेतून आणलेले गुलाम. लिस्बनच्या सरळ रस्त्यांचे कौतुक करताना हा खर्च कोणाच्या खात्यावर पडला ते सांगितले नाही, तर हिशेब खोटा ठरतो. ज्या निरंकुशतेला लोक पुनर्बांधणीचे श्रेय देतात, तिने आणखी काय केले तेही पाहावे. मालाग्रिदा नावाच्या इटालियन जेझुइट पाद्र्याने 1756 मध्ये पत्रक काढून भूकंप हा पापांचा दंड असल्याचे सांगितले. लाकडी खोपटी उभारण्याऐवजी लोकांनी प्रायश्चित्त घ्यावे, असा त्याचा सूर होता. विचार घातक होता यात वाद नाही, पण वृद्ध आणि भ्रमिष्ट झालेल्या त्या माणसाला 1761 मध्ये रोसियोच्या चौकात गळा आवळून जाळणे हे विवेकवादाच्या कोणत्या खात्यात घालायचे? राजावरच्या हल्ल्याच्या आरोपावरून जानेवारी 1759 मध्ये ताव्होरा घराण्यातल्या स्त्रीपुरुषांना बेलेंमध्ये हालहाल करून मारले. त्यांतला मार्क्विस 1754 पर्यंत गोव्याचा व्हाइसरॉय होता. 1759 मध्येच जेझुइट हद्दपार झाले. या क्रौर्याने बाइशातली एकही भिंत सरळ झाली नाही. एउजेनियो दोस सांतोस 1760 मध्ये वारले, मार्देल 1763 मध्ये, माइया 1768 मध्ये. काम त्यांच्या मागे चालू राहिले, कारण ते कागदावर पुरेपूर उतरलेले होते.

हुकूम एकटा किती पुरा पडतो, याची परीक्षा पोंबालने स्वतःच घेतली, आणि ती आपल्या दाराशी, गोव्यात घेतली. मांडवीकाठचे जुने गोवे तेव्हा साथींनी ओस पडत चालले होते. लिस्बनला भूकंप झाला त्या सुमारास गोव्याचे सरकारही संकटात होते. व्हाइसरॉय आल्वाचा कौंट जून 1756 मध्ये फोंड्याच्या किल्ल्यापाशी मराठ्यांशी लढताना मारला गेला. पुढचा व्हाइसरॉय 1759 मध्ये मुक्काम हलवून पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला गेला. पोंबालला हे खपले नाही. 1774 मध्ये जुझे पेद्रो दा कामारा या नव्या गव्हर्नरासोबत त्याने जुने गोवे पुन्हा वसवण्याच्या सविस्तर सूचना पाठवल्या. सत्ता तीच, मंत्री तोच, बाइशाचा अनुभव ताजा. पण लिस्बनमध्ये जो प्रश्न सर्वांत आधी विचारला गेला होता, तो इथे विचारलाच गेला नाही: जागा हीच ठेवायची की बदलायची? माइयांच्या टिपणातला पाचवा पर्याय गोव्याच्या कागदांत निषिद्ध होता, कारण उत्तर लिस्बनमध्ये आधीच ठरलेले होते. काम सुरू झाले आणि मजूर तापाने मरू लागले. ज्यांच्यासाठी घरे बांधायची ते मालक तर कधीचेच पणजी, रायबंदरकडे किंवा आपापल्या गावी गेलेले होते. त्यांना परत आणील असा कोणताही हक्क वा धंदा त्या जागेत उरलेला नव्हता. 1777 मध्ये पोंबाल पडला आणि त्याबरोबर योजनाही बारगळली. पणजीची खाजणे भरून रस्ते आखण्याचे काम पुढे एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रो या गव्हर्नराने जोरात केले. लोक तिथे आधीच राहत होते, कचेऱ्या होत्या, धक्का होता. 1843 मध्ये राजाज्ञेने पणजी अधिकृत राजधानी ठरली, तेव्हा त्या आज्ञेला कोणाला हलवावे लागले नाही. जे झाले होते त्याची नोंद तेवढी तिने केली.